जगाच्या अंतानंतर खेचराचं काय

आठ दिवसांनी येणाऱ्या सोमवारी दुपारी सूर्य काळा पडेल, आकाश गुंडाळीसारखं गुंडाळलं जाईल, आणि ज्यांचं तारण झालं आहे ते सगळे या पृथ्वीवरून वर उचलले जातील, असं ब्रदर गेलननी व्यासपीठावरून जाहीर केलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि त्यानंतरच्या बुधवारच्या मासळीच्या जेवणासाठी नावं वेळेवर द्यावीत, मागच्या खेपेला बटाटे कमी पडले होते, असंही सांगितलं.

कोणी हसलं नाही. मी शेवटच्या बाकावर बसतो. तिथून मला सगळ्या माना दिसतात, आणि एकही मान हलली नाही. दोन्ही सूचना लोकांनी सारख्याच गांभीर्याने घेतल्या. उपासना सुटल्यावर माझ्या बायकोने, व्हर्लीनने, दाराशी थांबून मासळीसाठी आमच्या दोघांची नावं दिली. गाडीत मी तिला म्हटलं, बुधवारी आपण नसणार ना? ती म्हणाली, असलो तर?

या दोन शब्दांवर तिचा सगळा धर्म उभा आहे, आणि माझा संसारही.

जगाचे अंत मी बरेच पाहिले आहेत. पेट्रोलच्या रांगा लागल्या तेव्हा एक झाला. सूपच्या डब्यांवर काळ्या रेघा छापायला लागले तेव्हा तोच बायबलातल्या सैतानी श्वापदाचा आकडा म्हणून आम्ही एक अख्खा हिवाळा डब्यांची लेबलं सोलून ठेवली, आणि कोणत्या डब्यात काय आहे ते उघडल्याशिवाय कळेना. कॉम्प्युटरची तारीख उलटणार होती तेव्हा व्हर्लीनने तळघर घेवड्याच्या बियांनी भरलं. त्या बिया आम्ही अजून खातो आहोत. मध्यंतरी कुठल्याशा दूरदेशी तांबडी कालवड जन्मली; निखळ तांबडी असली तर ती शेवटाची खूण, म्हणून तिच्या शेपटीत पांढरा केस आहे की नाही यावर आमच्याकडे दोन रविवार प्रवचन झालं. आमची भविष्यवाणी म्हणजे बाळ जन्मल्यावर 'मी म्हटलंच होतं' म्हणणारी मावशी, असं माझं मत आहे आणि ते मी लपवलेलं नाही. व्हर्लीन माझ्या मतांकडे माझ्या घोरण्यासारखं बघते. त्रास होतो, पण त्यासाठी कोणी घर सोडत नाही.

या वर्षीची खूण मात्र दांडगी होती. खग्रास सूर्यग्रहण, आणि सावली नेमकी आमच्या ओझार्कच्या डोंगरांवरून, आर्कान्सा राज्यातून, चर्चच्या डोक्यावरून जाणार. ही गोष्ट कॅलेंडरं छापणाऱ्यांना केव्हापासून ठाऊक आहे, असं मी ब्रदर गेलनना सुचवून पाहिलं. ते म्हणाले, ब्रदर ओरिन, प्रभू आधीच सूचना देतो, ती कॅलेंडरवाल्यांनी छापली तर तो काय करणार?

अडचण वेगळीच होती. माणसं वर जाणार, जनावरांचं काय? शास्त्रात त्यांना नेण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. त्यामुळे आमच्याकडची रीत अशी, की ज्याच्या घरी जनावर आहे त्याने एक भरवशाचा अविश्वासी गाठून ठेवायचा. माणूस स्वच्छ हवा, मायाळू हवा, आणि तो नक्की कुठे जाणार नाही याची खात्री हवी. आमच्या गावात अशा माणसांचा दुष्काळ. शाळेतले विज्ञानाचे मास्तर होते, पण त्यांना मांजरांनी शिंका येतात. पेट्रोल पंपावरची बाई होती, पण तिला नाताळची गाणी ऐकून डोळे पुसताना दोघींनी पाहिलं होतं, त्यामुळे तिच्याबद्दल कोणी छातीठोक सांगेना. उरला थर्मन पोग.

थर्मन आमचा शेजारी. मधे एक तारेचं कुंपण. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. फिडल, म्हणजे आमच्याकडची गावठी व्हायोलिनं, दुरुस्त करतो, पांढरीशुभ्र दाढी राखतो, आणि रविवारी सगळं गाव चर्चला जात असताना ओसरीत बसून सगळ्यांना दिसेल असा कॉफी पितो. त्याचा कशावरच विश्वास नाही, आणि हे तो इतक्या अदबीने सांगतो की लोकांना त्याचा फार आधार वाटतो. ग्रहणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत त्याच्याकडे तीन शेळ्या, एक शिकारी कुत्रा आणि अर्धं स्तोत्र म्हणणारा एक पोपट एवढी बोलणी झाली होती.

आमच्याकडे खेचर आहे. त्याचं नाव ज्युबल. व्हर्लीनच्या वडिलांनी शेत विकलं तेव्हा तो माहेरची ठेव म्हणून आमच्याकडे आला. काम करायचं त्याने कधीच सोडलं आहे. मला तो चावला आहे, त्या जागा मी इथे सांगत नाही. तिच्यावर मात्र त्याचा जीव. एक जुनं भजन त्याच्या डाव्या कानाशी हळू म्हटल्याशिवाय तो ओटच्या दाण्याला तोंड लावत नाही, आणि ते ती गेली कित्येक वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ म्हणते. माझ्या कानाशी तिने कधी भजन म्हटलेलं नाही. मी तसाच जेवतो.

गोठ्याची किल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यावर असते. मंगळवारी सकाळी खिळा रिकामा होता. मी विचारलं. व्हर्लीनचे हात पिठात होते. ती मान वर न करता म्हणाली, "थर्मनला दिली. सोमवारनंतर ज्युबलला बघणार कोण?"

मी तिथे उभा होतो. बूट घालून, टोपी हातात घेऊन, चांगला दिसेल असा उभा होतो. या घरातला सगळ्यांत जुना, सगळ्यांत नावाजलेला अविश्वासी मी. सोमवारी कोणी मागे राहणार असेल तर तो मीच, आणि तोही याच स्वयंपाकघरात. थर्मनने कुंपण ओलांडून, माझ्या अंगणातून, माझ्या नाकासमोरून जाऊन माझ्या बायकोच्या खेचराला दाणा घालायचा, आणि मी काय करायचं? मी काय मेलो होतो?

मी कॉफी प्यालो.

त्या दिवसापासून मला खुणा दिसू लागल्या.

पहिली खूण, थर्मनच्या खिडकीत आमच्या ज्वारीच्या काकवीची बरणी. ती त्याने अशी ठेवली होती की उन्हात सोन्यासारखी चमकावी. दुसरी, त्याने दाढी कातरली. एरवी तो ती फक्त निवडणुकीच्या आधी कातरतो. तिसरी, आमच्या घरातल्या ॲपल पायचा चौथा हिस्सा नाहीसा झाला. (तो मी खाल्ला होता हे मला पुढे आठवलं, पण तोवर खुणेचं काम झालं होतं.) चौथी, व्हर्लीन भांडी घासताना गुणगुणू लागली. चार योगायोग म्हणजे फक्त चार योगायोग, हे मी ब्रदर गेलनना आयुष्यभर सांगत आलो. आणि आता मी ओसरीत बसून काकवी, दाढी, ॲपल पाय आणि गुणगुणणं एकापुढे एक मांडत होतो, आणि ते सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं. माझ्या भाकितात एक भोक होतं. व्हर्लीन वर जाणार आणि थर्मन खाली राहणार, तर या प्रकरणात दोघांचाही काही फायदा नव्हता. पण भोक पडलं म्हणून कुठलं भाकीत कधी थांबलं आहे?

गुरुवारी तिने त्याला शिकवणीला बोलावलं. मी गोठ्याच्या मागच्या फळ्यांच्या फटीला डोळा लावून उभा राहिलो. माझ्याच गोठ्याच्या, म्हणजे चोरी नव्हे. ती त्याला समजावून सांगत होती. आधी पाणी, मग दाणा, मग डावा कान, उजवा नाही, उजव्या कानाला हात लावला तर तो लाथ घालतो. थर्मन शाळेतल्या बाईंसमोर परीक्षेला बसावं तसा मान डोलवत होता. मग तिने भजनाची पहिली ओळ म्हटली, आणि पुढची त्याने उचलली.

त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल आहे. आणि त्याला सगळी कडवी पाठ. देवाला न मानणाऱ्या माणसाला सगळी कडवी पाठ, आणि मी जन्मभर त्या चर्चमध्ये बसून दुसऱ्या कडव्याला पुस्तक शोधतो. ज्युबलने डोळे मिटले. मग त्या कृतघ्न जनावराने आपलं भलंमोठं तोंड थर्मनच्या खांद्यावर टेकवलं आणि सुस्कारा सोडला. व्हर्लीन हसली. ते हसणं मी ओळखत होतो. आमच्या लग्नाच्या सुमाराला ते चालू होतं.

मी मागे सरलो आणि बादलीत पाय गेला.

आतून व्हर्लीनने विचारलं, "कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी थर्मनला कुंपणाशी गाठलं. तो तार ताणत होता, पोपटाच्या पिंजऱ्यासाठी जागा करायला. मी आडून सुरुवात केली, की ते खेचर चावतं बरं का. तो म्हणाला, मला नाही चावलं. मी म्हटलं, वेळ जाऊ दे. तो म्हणाला, वेळच तर नाहीये म्हणतात. मग त्याने पक्कड खाली ठेवली आणि कुंपणाच्या खांबावर टेकला. त्याचा चेहरा उतरला होता.

"एक सांगू का, ओरिन? सगळं गाव येऊन गेलं. शेळ्या दिल्या, कुत्रा दिला. भली माणसं, कोणी केक आणला, कोणी लोणचं. पण एकालासुद्धा, अगदी एकालासुद्धा, शंका आली नाही रे. 'थर्मन, न जाणो तूही गेलास तर?' असं कोणी म्हटलं नाही. मी इतका वाया गेलोय का?"

दुसरी वेळ असती तर मी त्याला हसवलं असतं. पण माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. मी विचारलं, "आणि व्हर्लीन काय म्हणाली?"

"ती म्हणाली, थर्मन, माझा तुझ्यावर पूर्ण भरवसा आहे."

मी घरी आलो. पूर्ण भरवसा. मी गॅस बंद केला की ही बाई उठून जाऊन बघते बंद झाला का. मी दाराला कडी घातली की ओढून बघते. माझ्यावर पूर्ण भरवसा आहे असं इतक्या वर्षांत तिने म्हटलं नाही, झोपेतसुद्धा नाही.

शनिवारी मी सरळ ब्रदर गेलनकडे गेलो. ते चर्चच्या हिरवळीवर चुन्याने रेघा मारत होते. परगावचे लोक ग्रहण बघायला येणार होते आणि त्यांच्या गाड्यांची सोय चर्चने केली होती. जगाचा शेवट असला तरी गाड्या वेड्यावाकड्या लागू नयेत, हा त्यांचा स्वभाव. मी त्यांना म्हटलं, माझं तारण रद्द करून पाहिजे. उद्या व्यासपीठावरून जाहीर झालं तर बरं, म्हणजे सगळ्यांना कळेल आणि माझ्या घरातही कळेल.

त्यांनी चुन्याचं यंत्र थांबवलं. ते चिडले नाहीत, ते कधीच चिडत नाहीत, त्यामुळेच त्यांच्याशी भांडायला मजा येत नाही.

"ब्रदर ओरिन, ते होत नाही."

मी त्यांना माझी पात्रता सांगितली. ग्रहणावर माझा विश्वास नाही, कालवडीवर नाही, डब्यांवरच्या रेघांवर तर कधीच नव्हता. तुमच्या प्रवचनात मी झोपतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ही तुमची मतं झाली. तुमचा बाप्तिस्मा अकराव्या वर्षी नदीत झाला, तुम्ही तेव्हा मनापासून हो म्हणालात, आणि आपल्या चर्चचं म्हणणं असं की एकदा तारण झालं की झालं. माणूस नंतर कितीही घसरला तरी प्रभू हात सोडत नाही.

"परत घेता आलं असतं," ते रेघेकडे बघत म्हणाले, "तर बांधकाम समितीतल्या निम्म्या लोकांचं मीच घेतलं असतं."

अशा रीतीने मला स्वर्गात जाण्याची शिक्षा झाली आणि मी परत आलो. दुसऱ्या कोणाच्या डोक्यात यातून प्रकाश पडला असता. माझ्या डोक्यात एवढंच पडलं की अर्ज नामंजूर झाला, आणि खेचर थर्मनचंच राहिलं.

सोमवारी सकाळी व्हर्लीनने फ्रीज रिकामा केला, ओटा पुसला, झाडांना पाणी घातलं. तिने निळा झगा घातला, तो ती फक्त लग्नाला आणि मयताला घालते. माझा पांढरा शर्ट इस्त्री करून पलंगावर ठेवला होता. मी तो घातला आणि मनात म्हटलं, म्हणजे मागे राहिलेल्या नवऱ्याला निदान नीटनेटका ठेवून जायचा विचार दिसतो.

चर्चमागच्या उतारावर घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. परराज्यांतले लोक दुर्बिणी घेऊन आले होते, आमचे लोक बायबल घेऊन. सगळ्यांना एकाच तऱ्हेचे पुठ्ठ्याचे चष्मे. खाली कुंपणाशी थर्मन बसला होता. एका हातात ज्युबलचा दोर, भोवती शेळ्या, पायाशी कुत्रा, मांडीवर पोपटाचा पिंजरा. तारू चुकलेला नोहा दिसावा तसा दिसत होता. व्हर्लीनने त्याला हात केला. त्यानेही केला. आमच्या अंगणात कोंबड्यांना सुद्धा इतक्या प्रेमाने कोणी हात करत नाही.

चंद्राने सूर्याचा लचका तोडायला सुरुवात केली. ऊन पातळ झालं, ताकासारखं. सावल्यांच्या कडा धारदार झाल्या. वारा गार सुटला आणि परराज्यांतले लोक गप्प झाले. ब्रदर गेलननी प्रकटीकरणाचं पुस्तक उघडलं, पण त्यांना अक्षरं दिसेनात. मला वाटलं, आता नाही विचारलं तर थर्मनला विचारत बसावं लागेल.

"व्हर्लीन, एक विचारू?"

"विचार. पण लवकर."

"ज्युबल थर्मनला का दिलास? मला का नाही?"

तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि मी चमचे कुठे असतात असं विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"तुला कसा देणार? तू इथे असणार आहेस का?"

"मग कुठे असणार?"

"माझ्याबरोबर."

मी तिला सांगितलं, की यातल्या एका अक्षरावर माझा विश्वास नाही. हे मी तिला पहिल्यांदा सांगत नव्हतो.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुला विचारलंय कोणी? तू नदीत बुडी मारलीस तेव्हा मी काठावर उभी होते. तुझा एक बूट वाहून गेला होता आणि तू रडला होतास. मी बघितलंय. शर्ट कशाला इस्त्री केला मग मी? वर गेल्यावर माझ्या आईसमोर तुला मळक्या शर्टात उभा करणार होते का?"

"पण थर्मनवर पूर्ण भरवसा आहे म्हणालीस."

"आहेच. तो कुठे जाणार नाही याचा."

"आणि माझा?"

"तुझा भरवसा कशाला ठेवायचा? तू आहेसच."

एवढं बोलून तिने चष्मा खाली ओढला आणि सूर्याकडे तोंड केलं.

मग अंधार झाला. हळूहळू नव्हे, कोणीतरी झाकण ठेवल्यासारखा. भर दुपारी तारे निघाले. सूर्याच्या जागी एक काळी चकती आणि तिच्याभोवती पांढरी आयाळ. कोंबडे दूरवर ओरडले आणि लगेच गप्प झाले. आमच्यातल्या कोणी तरी 'प्रभू ये' म्हटलं, आणि परराज्यांतल्या कोणी तरी त्याला 'श्श' केलं.

मी चारचौघांत शपथेवर सांगीन की ग्रहण म्हणजे चंद्राची सावली. पण त्या अंधारात माझ्या मनात एक विचार आला. समजा ब्रदर गेलन बरोबर निघाले, आणि नदीतली ती बुडी माझ्या खात्यावर धरली नाही. व्हर्लीन जाणार, निळ्या झग्यात, आणि मी इथे पांढऱ्या शर्टात, थर्मनच्या शेजारी. थर्मनचा मत्सर बरा होता. तो कुंपणापलीकडे राहतो, त्याला गाठून विचारता येतं. आता मला आभाळाचाच हेवा वाटायला लागला, आणि आभाळाशी कुठल्या खांबाला टेकून बोलायचं? मी तिचा हात धरला. धरला म्हणजे मनगट धरलं, गुराला धरतात तसं घट्ट. तिने सोडवून घेतलं नाही. खाली ज्युबल खिंकाळला, आणि थर्मनने त्या काळोखात हळू आवाजात पहिलं कडवं सुरू केलं. पोपटाने त्याला स्तोत्राच्या अर्ध्या ओळीची साथ दिली.

मग चकतीच्या कडेला उजेडाचा एक थेंब आला आणि दुपार परत आली.

परराज्यांतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे लोक एकमेकांकडे चोरून बघत होते, कोण गेलं आणि कोण राहिलं म्हणून. सगळे होते. बांधकाम समितीही होती. ब्रदर गेलननी पुस्तक मिटलं, सूर्याकडे जरा जाब विचारल्यासारखं पाहिलं, आणि दानिएलाच्या पुस्तकातल्या आठवड्यांची मोजणी पुन्हा तपासावी लागेल असं म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, गाड्या पूर्वेच्या फाटकाने एकामागून एक काढाव्यात, आणि मासळीसाठी नावं अजून देता येतील.

खाली थर्मनभोवती माणसं जमली होती. कोणी शेळी सोडवून घेत होतं, कोणी पिंजरा. आभार मानत होते, पण त्याच्या डोळ्यांना कोणी डोळा देत नव्हतं.

व्हर्लीनने दोन्ही चष्मे घडी करून पर्समध्ये ठेवले. पुढच्या ग्रहणाला उपयोगी पडतील म्हणाली. तिच्या मनगटावर माझी चार बोटं लाल उमटली होती. ती तिने पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि बाही खाली ओढली. मला वाटलं आता ती काही तरी म्हणेल. जन्मभर पुरेल असं काही तरी. मी शर्टाची कॉलर सरळ केली आणि वाट पाहिली.

"जा, थर्मनकडून किल्ली घेऊन ये," ती म्हणाली. "आणि काकवीची बरणी रिकामी झाली असली तर तीही. झाकणासकट."